एक ‘पर्यंत’, इंग्रजीत त्याचे अनेक तुकडे: बाय, अनटिल आणि बाकीचे कधी वापरायचे

ठाण्यात घोडबंदर रोडलगतच्या आमच्या सोसायटीत सूचनाफलकाचं काम काही वर्षं माझ्याकडे होतं. एका गुरुवारी निरोप आला की जलवाहिनीच्या दुरुस्तीमुळे शुक्रवारी संध्याकाळी ५ पर्यंत पाणी बंद राहील. मी मराठीत तसंच लिहिलं आणि खाली इंग्रजीत लिहिलं, ‘वॉटर सप्लाय विल बी क्लोज्ड बाय ५ पीएम ऑन फ्रायडे.’

मराठी ओळ वाचणाऱ्यांनी रात्रीच पिंपं आणि बादल्या भरून ठेवल्या. पण आमच्याकडे तमिळ, बंगाली, मल्याळी कुटुंबं बरीच आहेत, ती इंग्रजी ओळ वाचतात. त्यांना वाटलं, पाणी संध्याकाळी पाचला किंवा त्याच्या थोडं आधी जाणार आहे, म्हणजे सकाळी भरायला भरपूर वेळ आहे. सकाळी नळ कोरडे. चौथ्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या एका आजींकडे प्यायला जेमतेम दोन तांबे पाणी होतं. त्यांनी वाचण्यात काहीही चूक केली नव्हती. ‘बाय ५’ याचा अर्थ त्यांना लागला तोच होता. चूक माझ्या एका शब्दाची होती, तिथे ‘अनटिल’ हवं होतं.

त्या दिवसापासून मी ‘पर्यंत’ हा शब्द जिथे दिसेल तिथे टिपून ठेवते. संध्याकाळी नौपाड्यात माझ्याकडे इंग्रजी शिकायला येणारी बरीचशी मंडळी ऐरोली, महापे, घणसोलीच्या ऑफिसांतली असतात. शब्दसंग्रह चांगला असतो, व्याकरणही शाळेत झालेलं असतं. तरी मेलमध्ये ‘आय विल सेंड द रिपोर्ट अनटिल फ्रायडे’ असं लिहून जातात. कारण इंग्रजीत शोधून सापडत नाही, ते आपल्या ‘पर्यंत’मध्ये आहे. मराठीत हा एकच शब्द मुदत सांगतो, कालावधी सांगतो, ठिकाण सांगतो, आकडाही सांगतो, आणि आपलं कुठेही अडत नाही, कारण बाकीचा अर्थ क्रियापद सांभाळून घेतं. इंग्रजीत ही कामं वेगवेगळ्या शब्दांना वाटून दिलेली आहेत. म्हणून मी इंग्रजी नियमापासून सुरुवात करत नाही. आधी आपलंच वाक्य नीट पाहायचं.

पायरी पहिली: हा ‘पर्यंत’ मुदतीचा की मुक्कामाचा?

समजा, ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयातून तुम्ही एक पुस्तक आणलं. (१८९३ साली सुरू झालेली ही संस्था आजही चालू आहे आणि माझ्या वर्गातल्या सगळ्यांना मी तिथलं सभासद व्हायला सांगते.) आता ही दोन वाक्यं पाहा:

पुस्तक शनिवारपर्यंत ठेवा.
पुस्तक शनिवारपर्यंत परत करा.

दिवस तोच, पुस्तक तेच, ‘पर्यंत’ही तोच. पण पहिल्या वाक्यात काहीतरी सलग चालू राहणार आहे: पुस्तक आज तुमच्याकडे, उद्या तुमच्याकडे, शनिवार येईतो तुमच्याकडेच. हा मुक्काम. दुसऱ्या वाक्यात एक गोष्ट एकदाच घडणार आहे, ती गुरुवारी घडो की शुक्रवारी, फक्त शनिवार उलटू द्यायचा नाही. ही मुदत.

मुक्कामाला ‘अनटिल’ किंवा ‘टिल’: ‘कीप द बुक अनटिल सॅटर्डे.’
मुदतीला ‘बाय’: ‘रिटर्न द बुक बाय सॅटर्डे.’

मनात गोंधळ झाला तर ‘पर्यंत’च्या जागी ‘उशिरात उशिरा’ घालून पाहा. ‘उशिरात उशिरा शनिवारी परत करा’ हे वाक्य चालतं, म्हणजे बाय. ‘उशिरात उशिरा शनिवारी ठेवा’ हे कानाला लगेच खटकतं, म्हणजे अनटिल. ही कसोटी मी शेकडो वाक्यांवर लावून पाहिली आहे आणि साध्या होकारी वाक्यात तिने मला कधी दगा दिलेला नाही. माझी सूचना याच कसोटीला टिकली नसती. ‘उशिरात उशिरा ५ ला पाणी बंद राहील’ असं कोणी म्हणेल का?

क्रियापदांकडे पाहिलं तरी बरंच कळतं. थांबणं, राहणं, वाट पाहणं, चालू असणं, बंद असणं, झोपणं ही पसरणारी क्रियापदं आहेत, त्यांच्याशी अनटिल जमतं. पाठवणं, भरणं, पोहोचणं, संपवणं, कळवणं ही एका क्षणात पुरी होणारी, त्यांच्याशी बाय. काही क्रियापदं दोन्हीकडे जातात आणि तिथे तुम्हालाच ठरवावं लागतं. ‘हे प्रकरण रविवारपर्यंत वाच’ असं मुलाला सांगताना ते रविवारी वाचून झालेलं हवं असेल तर ‘फिनिश रीडिंग इट बाय संडे’ म्हणा. अशा जागी ‘फिनिश’ किंवा ‘कम्प्लीट’ जोडलं की वाक्याला दुसरा अर्थच उरत नाही.

आणखी एक गोष्ट, जी आपल्या बोलण्याच्या सवयीतून येते. ‘साडेसहापर्यंत येतो’ असं आपण सहज म्हणतो आणि मनात असतं ‘साडेसहाच्या आसपास’. पावणेसात वाजले तरी कोणी रागावत नाही. इंग्रजीत ‘बाय सिक्स थर्टी’ म्हटलं की समोरच्याने ते वचन म्हणून धरलेलं असतं. आसपासच म्हणायचं असेल तर ‘अराउंड’ म्हणा. ऑफिसात तुमच्या शब्दावर दुसऱ्याचं काम अवलंबून असतं, तेव्हा हा फरक फार महत्त्वाचा ठरतो.

पायरी दुसरी: वाक्यात ‘नाही’ असेल तर

‘चेक शुक्रवारपर्यंत वटणार नाही.’ या मराठी वाक्यातून शुक्रवारी वटेल की नाही, काही कळतं का? नाही. ते आपण आवाजावरून ओळखतो. इंग्रजीत मात्र निवड करावीच लागते.

‘द चेक वोन्ट क्लिअर अनटिल फ्रायडे’ म्हणजे शुक्रवारी वटेल, आधी नाही. हे वाक्य धीर देतं. मराठीत याचं खरं रूप ‘चेक शुक्रवारीच वटेल’.

‘द चेक वोन्ट क्लिअर बाय फ्रायडे’ म्हणजे शुक्रवारची मुदत हुकणार. कधी वटेल ते सांगितलेलंच नाही. हे वाक्य सावध करतं.

म्हणून नकारी वाक्य लिहिताना आधी मनात ‘शुक्रवारीच’ बसतं का ते पाहा. बसत असेल तर नॉट आणि अनटिल यांची जोडी. ‘उशिरात उशिरा’ची कसोटी इथे वापरू नका, ती फक्त होकारी वाक्यांसाठी आहे.

पायरी तिसरी: ‘जोपर्यंत’ आणि त्यातला चिकट ‘नाही’

मला सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावासा वाटतो, कारण मराठी माणसाचं इंग्रजी वर्षानुवर्षं इथेच अडकतं आणि शाळेत हे कोणी सांगत नाही.

‘जोपर्यंत तुम्ही पैसे भरत नाही, तोपर्यंत काम सुरू होणार नाही.’ मराठीत अगदी बिनचूक वाक्य. ते जसंच्या तसं उचललं की होतं: ‘अनटिल यू डोन्ट पे, वी वोन्ट स्टार्ट.’ आणि हे चूक आहे. आपल्या वाक्यातला पहिला ‘नाही’ इंग्रजीत ‘अनटिल’च्या पोटातच आहे. ‘अनटिल यू पे’ म्हणजेच ‘तुम्ही पैसे भरेपर्यंत’. वर पुन्हा ‘डोन्ट’ घातलं की अर्थ उलटतो. ‘तुम्ही पैसे न भरण्याची वेळ येईपर्यंत’ असं काहीतरी विचित्र तयार होतं.

यावर उपाय आपल्याच भाषेत आहे. इंग्रजीत लिहिण्याआधी ‘जोपर्यंत… नाही’चं मराठीतच ‘-ईपर्यंत’ करा. जोपर्यंत तो येत नाही: तो येईपर्यंत. जोपर्यंत मंजुरी मिळत नाही: मंजुरी मिळेपर्यंत. जोपर्यंत पाऊस थांबत नाही: पाऊस थांबेपर्यंत. पाहा, ‘नाही’ आपोआप गळून पडला. आता इंग्रजी करा: ‘अनटिल ही कम्स’, ‘अनटिल वी गेट द अप्रूव्हल’, ‘अनटिल द रेन स्टॉप्स’. ‘डोन्ट’ला शिरायला जागाच राहत नाही.

त्याच वेळी एक छोटी चूकही टाळा. ‘येईपर्यंत’मध्ये भविष्यकाळ वाटतो म्हणून ‘अनटिल ही विल कम’ लिहिलं जातं. अनटिलच्या लगेच पुढच्या भागात ‘विल’ येत नाही. ‘विल’ मुख्य वाक्यात ठेवा: ‘आय विल वेट अनटिल ही कम्स.’

आता उलट बाजू. ‘जोपर्यंत’सोबत ‘नाही’ नसेल तर?

‘जोपर्यंत मी इथे आहे, तोपर्यंत काळजी करू नका.’ वर्गात हे वाक्य दिलं की दहातले आठ जण लिहितात, ‘अनटिल आय ॲम हिअर, डोन्ट वरी.’ इंग्रजी ऐकणाऱ्याला याचा अर्थ लागतो: मी इथे येईपर्यंत काळजी करू नका, आल्यावर करा! म्हणायचं होतं धीराचं, पोहोचलं भलतंच. इथे शब्द हवा ‘ॲज लाँग ॲज’: ‘ॲज लाँग ॲज आय ॲम हिअर, डोन्ट वरी.’

एवढं पाठ करा, बाकी काही नाही केलं तरी चालेल. ‘जोपर्यंत’ आणि सोबत ‘नाही’ असेल: अनटिल, आणि तो ‘नाही’ सोडून द्यायचा. ‘जोपर्यंत’ आणि सोबत ‘नाही’ नसेल: ॲज लाँग ॲज.

‘अनलेस’चा विषय इथेच येतो, कारण त्यातही ‘नाही’ दडलेला आहे. ‘जर पैसे भरले नाहीत तर’ याचं ‘अनलेस यू डोन्ट पे’ होत नाही, ‘अनलेस यू पे’ होतं. अनटिल वेळेचं, अनलेस अटीचं. पैसे भरले जाणारच आहेत, प्रश्न फक्त कधीचा आहे, तर अनटिल. भरले जातील की नाही याचीच शंका आहे, तर अनलेस.

पायरी चौथी: ‘मी पोहोचेपर्यंत गाडी सुटली होती’

वर ‘-ईपर्यंत’ म्हणजे अनटिल असं सांगितलं खरं, पण त्याचा एक फाटा वेगळा जातो. ठाणे स्टेशनच्या फलाटांवर धावलेल्या कुणालाही हे वाक्य नवीन नाही: ‘मी पोहोचेपर्यंत ऐरोलीची गाडी सुटली होती.’ इथे गाडी सुटणं ही सलग चाललेली गोष्ट नाही, एकदाच घडलेली आहे. पहिल्या पायरीतला तोच विचार लावा. मुदतीला बाय, आणि बायच्या पुढे क्रियापदाचं अख्खं वाक्य येणार असेल तर ‘बाय द टाइम’: ‘बाय द टाइम आय रीच्ड, द ट्रेन हॅड लेफ्ट.’

‘तू येईपर्यंत मी जेवण करून ठेवते’ हेही याच जातीचं. जेवण तयार झालेलं असणार: ‘बाय द टाइम यू कम.’ पण ‘तू येईपर्यंत मी जागी राहते’ असेल तर जागं राहणं सलग आहे, म्हणून ‘अनटिल यू कम’. आईच्या तोंडची ही दोन वाक्यं शेजारी ठेवून पाहिली की फरक कायमचा बसतो.

पायरी पाचवी: ठिकाण आणि आकडा

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली पहिली प्रवासी गाडी ३४ किलोमीटर धावून ठाण्याला आली. पुढे कल्याणपर्यंतचा मार्ग १ मे १८५४ रोजी खुला झाला. आता हे मराठी वाक्य घ्या: ‘१८५४ पर्यंत गाडी ठाण्यापर्यंतच जात होती.’ दोन ‘पर्यंत’, एक काळाचा, एक जागेचा. इंग्रजीत: ‘अनटिल १८५४, द ट्रेन वेंट ओन्ली ॲज फार ॲज ठाणे.’

आपल्याकडे सर्रास ‘द ट्रेन गोज टिल पनवेल’ म्हणतात. इथे सगळ्यांना समजतं, पण भारताबाहेरच्या माणसाला ते खटकतं, कारण टिल आणि अनटिल वेळेचे शब्द आहेत. जागेसाठी ‘ॲज फार ॲज’ किंवा नुसतं ‘टू’ वापरा. रस्ता सांगताना ‘वॉक टिल द सिग्नल’ऐवजी ‘वॉक अनटिल यू रीच द सिग्नल’ म्हटलं तर चालतं, कारण ‘पोहोचेपर्यंत’मध्ये वेळ आली.

आकड्याला ‘अप टू’. ‘५० जणांपर्यंत जागा आहे’ म्हणजे ‘अप टू ५० पीपल’. हे दोन वेगळे शब्द आहेत, जोडून लिहू नका. नवी मुंबईतल्या किती ऑफिसांच्या पाट्यांवर ते जोडलेलं दिसतं!

वेळेचा पल्ला सांगताना ‘फ्रॉम’च्या जोडीला ‘टू’ किंवा ‘टिल’, आणि ‘बिट्वीन’च्या जोडीला ‘अँड’. ‘बिट्वीन १० टू ५’ ही दोघांची सरमिसळ झाली.

पायरी सहावी: आतापर्यंत, आजपर्यंत

‘आतापर्यंत तीन मेल पाठवले’ याला ‘सो फार’. ‘टिल नाऊ’ वापरलंत तर समोरच्याला वाटतं की आजवर असं होतं, आता बदललं आहे. ‘टिल नाऊ आय ट्रस्टेड यू’ म्हणजे आता विश्वास उरला नाही. एवढा मोठा आरोप नकळत होऊ नये.

‘टिल डेट’ हा आपल्याकडचा प्रयोग आहे, बाहेर ‘टू डेट’ म्हणतात. इथल्याच माणसाला लिहिताना ‘टिल डेट’ने काही बिघडत नाही. परदेशी मेलमध्ये ‘टू डेट’ बरं.

पायरी सातवी: तो दिवस धरायचा की नाही?

‘आय ॲम ऑन लीव्ह अनटिल द फिफ्टीन्थ.’ मग पंधराला तुम्ही ऑफिसात आहात की नाही? इंग्रजी ज्यांची मायबोली आहे, तेसुद्धा इथे वाद घालतात. व्याकरणाने हा प्रश्न सुटत नाही, तो तुम्हीच वाक्यात सोडवायचा. रजेच्या मेलमध्ये परतायची तारीख लिहा: ‘आय विल बी बॅक ऑन द सिक्स्टीन्थ.’ करारात किंवा नोटिशीत ‘अप टू अँड इन्क्लूडिंग’ लिहा. अमेरिकेतली मंडळी ‘थ्रू फ्रायडे’ म्हणतात, त्यात शुक्रवार धरलेला असतो.

बायमध्ये तो दिवस धरलेला असतो, पण त्या दिवशी किती वाजेपर्यंत हे कळत नाही. म्हणून वेळही घाला, ‘बाय ५ पीएम ऑन फ्रायडे’. आणि समोरचा माणूस दुसऱ्या देशात असेल तर ती वेळ कुठली, भारताची की तिथली, तेही लिहा.

टिल की अनटिल?

अर्थ एकच. टिल हे अनटिलचं छोटं केलेलं रूप आहे असं बहुतेकांना वाटतं, ते तसं नाही. टिल जुना शब्द आहे, अनटिल त्यानंतर आला. म्हणून टिलच्या आधी अपॉस्ट्रॉफी टाकून एक एल उडवायची गरज नाही. टिलमध्ये दोन एल, अनटिलमध्ये एकच. अर्ज, अहवाल, परीक्षा आणि वाक्याची सुरुवात या ठिकाणी मी अनटिल सुचवते. बोलताना दोन्ही चालतात.

टिलचे आणखी दोन अर्थ आहेत आणि त्यांचा ‘पर्यंत’शी संबंध नाही. दुकानाचा गल्ला म्हणजेही टिल. जमिनीची मशागत करणं म्हणजेही टिल. कोकणात भाताच्या खाचरांत चिखलणीला वापरतात तो पॉवर टिलर याच मशागतीतला.

थोडा सराव

खालची वाक्यं आधी स्वतः करा, मगच उत्तर वाचा.

‘दुकान ९ पर्यंत उघडं असतं.’ उघडं असणं सलग: ‘द शॉप इज ओपन अनटिल ९.’

‘दुकान ९ पर्यंत उघडा’, म्हणजे मालक नोकराला सांगतोय. उघडणं एकदाच: ‘ओपन द शॉप बाय ९.’ या दोन वाक्यांत जो चुकणार नाही, त्याला पहिली पायरी समजली असं मी धरते.

‘जोपर्यंत ओटीपी येत नाही, तोपर्यंत पान बंद करू नका.’ ओटीपी येईपर्यंत: ‘डोन्ट क्लोज द पेज अनटिल यू गेट द ओटीपी.’

‘जोपर्यंत वीज आहे, तोपर्यंत मोबाइल चार्ज करून घ्या.’ सोबत ‘नाही’ नाही, म्हणून ‘ॲज लाँग ॲज’ सुचेल आणि ते चुकीचं नाही. पण इथे ‘वीज आहे तोवरच उरकून घ्या’ असा भाव आहे. त्याला ‘व्हाइल’ जास्त शोभतं: ‘चार्ज युवर फोन व्हाइल देअर इज पॉवर.’

‘शुक्रवारी सकाळी ९ ते संध्याकाळी ५ पर्यंत पाणी बंद राहील. कृपया गुरुवारी रात्रीपर्यंत पाणी भरून ठेवा.’ पहिल्या वाक्यात मुक्काम, दुसऱ्यात मुदत: ‘देअर विल बी नो वॉटर ऑन फ्रायडे फ्रॉम ९ एएम अनटिल ५ पीएम. प्लीज स्टोअर वॉटर बाय थर्सडे नाइट.’ ‘सप्लाय विल बी क्लोज्ड’ मी आता मुद्दाम लिहीत नाही. ‘नो वॉटर’ हे दोन शब्द कोणत्याही मजल्यावर, कोणत्याही भाषेच्या घरात एकाच अर्थाने पोहोचतात.